खूण न ओळखल्यास

तपासनीस बाईंनी त्याला हाक मारली ती नेहमीप्रमाणे, खुर्चीवरून न उठता, मान मागे टाकून. "मांत्रिक, जरा इकडे या हो. तुमच्या भुतानं काय करून ठेवलंय ते बघा." त्या हाकेत काळजी अशी नव्हती. जेवणाची सुट्टी जवळ आली की कार्यालयात एक सैलावलेला खोडसाळपणा पसरत असे, त्याचाच तो एक भाग होता. तो उठला, गुडघ्याने आपली रोजची तक्रार नोंदवली, आणि तो बाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर त्यानेच आदल्या दिवशी पाठवलेले एक पान होते. मोठमोठ्या इमारतींना गरम पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर कसे चालवावे, हे सांगणाऱ्या जाडजूड माहितीपुस्तिकेचे ते पान. पानाच्या मध्यभागी फिकट पिवळ्या रंगाची एक गोंडस चौकट होती, तिच्या कोपऱ्यात इवलासा दिवा तेवत होता, दिव्याशेजारी 'सहज एक सूचना' असे शब्द होते, आणि त्याखाली लिहिले होते : वाफेचा दाब पूर्ण उतरण्यापूर्वी झाकण उघडल्यास डोळे कायमचे जाऊ शकतात.

"सहज," बाई म्हणाल्या. "सहज जातील डोळे. घाई नाही."

शेजारच्या टेबलांवरचे दोघे हसले. त्यालाही हसू आले असते, पण ते आले नाही. तो आपल्या जागेवर परतला आणि त्याने मूळ फाइल उघडली. जुन्या पद्धतीच्या फाइलींचा स्वभाव त्याला ठाऊक होता. त्या पद्धतीत प्रत्येक गोष्टीला कोनी कंसात तिचे नाव लिहावे लागे : येथे शीर्षक सुरू झाले, येथे ते संपले, येथे धोक्याची चौकट उघडली, येथे ती मिटली. जणू एखाद्या काटेकोर यजमानाच्या घरी प्रत्येक पाहुण्याचे नाव दारात पुकारले जावे आणि निघतानाही पुकारले जावे. नवी पद्धत अगदी निराळी, मितभाषी. ओळीच्या आरंभी एक-दोन चिन्हे टाकली की झाले. या घरातून त्या घरात सारी पुस्तिका हलवण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि हाताने ते उभ्या जन्मात उरकले नसते म्हणून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. जुनी खूण दिसली की तिच्या जागी नवी ठेवायची, एवढेच त्याचे काम. मूळ फाइलीत, जिथे 'धोका' असायला हवे होते तिथे, कोण्या जुन्या लेखकाने 'महाधोका' अशी स्वतःची एक खूण निर्माण करून ठेवलेली होती. साध्या धोक्याने त्या भल्या माणसाचे समाधान झाले नसावे. प्रोग्रॅमच्या माहितीत असली खूण नव्हती. वास्तविक प्रोग्रॅमने तिथेच थांबून विचारायला हवे होते. तो थांबला नव्हता. पुस्तिकेत सर्वांत अधिक वेळा आढळणारी, सर्वांत निरुपद्रवी अशी दिव्याची चौकट उचलून त्याने ती तिथे ठेवली होती आणि तो निमूटपणे पुढे गेला होता. कारण तसे त्याला शिकवण्यात आले होते. आणि शिकवणारा माणूस तो स्वतःच होता. एका दमलेल्या दुपारी, प्रोग्रॅम पानोपानी अडून बसतो म्हणून प्रमुखांची बोलणी खाल्ल्यानंतर, त्याने तो नियम लिहिला होता. नियमाच्या वर त्याचेच स्पष्टीकरण त्याच्याच व्यवस्थित भाषेत होते : खूण न ओळखल्यास जवळची ओळखीची खूण समजावी, आणि पुढे जावे.

आणि पुढे जावे. हे तीन शब्द त्याने पुन्हा वाचले. मग, कशाचा काही संबंध नसताना, त्याला थोरल्या भावाचा, दादाचा चेहरा दिसला. गेल्या आठवड्यातला. भिंतीकडच्या पलंगावर, दोन उशांच्या आधाराने बसवलेला, उजवी बाजू ओघळलेली, आणि डोळे मात्र पूर्वीसारखेच. एखाद्या बंद पडलेल्या यंत्राकडे पाहत असत तसे, खोल आणि खट्याळ. समोर, आजारी माणसांना ठेवून घेणाऱ्या निवासाच्या अधीक्षक बाई बसलेल्या होत्या. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवून, अगदी स्वच्छ आवाजात विचारले होते, "तुम्हाला आमच्याकडे राहायला यायचंय का?" दादा म्हणाला होता, "कपाट. कपाट... कपाट." अधीक्षक बाई आणि त्याची बायको, दोघींनी मग दादाकडे नव्हे, त्याच्याकडे पाहिले होते. आणि त्याने, घसा साफ करून, सांगितले होते, "तो म्हणतोय, येईन म्हणून. म्हणतोय, तुम्हाला त्रास नको."

दादाजवळ हा एकच शब्द उरला होता. मेंदूतली एक नस तुंबली, आणि एका सकाळी साऱ्या आयुष्याचा शब्दसाठा वाहून जाऊन काठावर एवढे एक कपाट उरले. हाच शब्द का, याचे उत्तर डॉक्टरांपाशी नव्हते. असे होते, एवढेच ते म्हणाले. पहिल्या आठवड्यात त्याने आणि बायकोने मिळून घरातले कपाट रिकामे करून पाहिले होते. दादाला काहीतरी सांगायचे आहे, काही ठेवलेले आहे, अशी त्यांची समजूत. त्यातून जुन्या स्वेटरांचा ढीग, एक न वापरलेला बल्ब आणि पुष्कळशी धूळ निघाली. दादा पलंगावरून हे सारे पाहत होता आणि हताशपणे म्हणत होता, "कपाट, कपाट." बायकोने कंबरेवर हात ठेवून म्हटले होते, "अहो भाऊजी, तेच तर करतोय!" त्यावर तिघेही हसले होते. ते हसणे अजूनही त्याला कुठेतरी आत, मऊ कापडात गुंडाळून ठेवल्यासारखे आठवत होते. त्यानंतरचे फारसे काही हसण्याजोगे नव्हते.

आरंभी तो अंदाज करी आणि पडताळा घेई. चहा? पाणी? उशी? दादाची पापणी, भुवई, डाव्या हाताची बोटे यांवरून कळे की अंदाज लागला की चुकला. हळूहळू तो तरबेज झाला. तरबेज झाल्यावर पडताळा घेणे त्याने सोडून दिले. पाहुणे येत, फोन येत, आणि तो मध्ये बसून दादाच्या एका शब्दातून लांबलचक, नीटनेटकी वाक्ये काढून देई. दादा म्हणतोय, मुलाची नोकरी लागली हे फार छान झालं. दादा म्हणतोय, हल्ली भाडी फार वाढलीत. बायको थट्टेने म्हणे, "भाऊजींचं वारं तुमच्या अंगात येतं. मी समोर धूपच लावते आता." आणि तिच्या या थट्टेत थोडे कौतुकही असे. एकदा दादाच्या जुन्या कामावरचा जोडीदार भेटायला आला होता. दोघांनी मिळून गावभरच्या लिफ्टा दुरुस्त केल्या होत्या. तो बराच वेळ हे दुभाषीपण ऐकत राहिला, आणि निघताना दारात बूट चढवता चढवता म्हणाला, "एवढं तर हा धडधाकट होता तेव्हाही बोलत नव्हता हो." तेव्हा ते वाक्य तो विनोद म्हणून ऐकून विसरला होता. आता कार्यालयातल्या त्या थंड हवेत, पडद्यावरच्या इवल्या दिव्यासमोर, ते वाक्य परत येऊन त्याच्या मानेवर बसले. खरेच, आजारी पडल्यापासून दादाची मते वाढली होती. आणि ती सर्व मते, मोठ्या आश्चर्याची गोष्ट, त्याच्या स्वतःच्या मतांशी तंतोतंत जुळत होती.

"जेवायला येताय ना?" बाईंनी विचारले.

"तुम्ही व्हा पुढे."

"पिशाच अडलंय का कुठे?"

हा कार्यालयातला शिळा विनोद होता. सॉफ्टवेअरमध्ये जी कामे पडद्याआड, कोणाच्या दृष्टीस न पडता, अखंड चालू असतात त्यांना या पुस्तिकांच्या आद्य लेखकाने 'पिशाच' असे नाव देऊन ठेवले होते, आणि ते बदलण्याचे धैर्य पुढे कोणालाच झाले नाही. त्यामुळे त्याचे दिवसच्या दिवस असल्या वाक्यांच्या सहवासात जात : पाणी सोडण्यापूर्वी पिशाच जागे असल्याची खात्री करा. पिशाच प्रतिसाद देत नसल्यास त्यास मारून पुन्हा उठवा. जनक मेल्यावर अनाथ अपत्ये मागे उरल्यास ती शोधून नष्ट करावीत. एकदा बायकोने त्याच्या खांद्यावरून हे वाचले आणि ती खरोखर दचकली. "तुम्ही पगार घेऊन हे लिहिता?" "लिहीत नाही. इकडचं तिकडे करतो." "म्हणजे मांत्रिकच की!" तिने ही गोष्ट कार्यालयाच्या सहलीत सर्वांना सांगितली, आणि तेव्हापासून त्याला ते नाव चिकटले. नावाचे त्याला वाईट वाटले नव्हते. वाईट वाटायला जी ताकद लागते तीच अलीकडे त्याच्यापाशी नसे. सकाळी उठताना, काल झोपताना जो थकवा पलंगाखाली काढून ठेवला होता तोच पुन्हा पायात चढवावा लागे.

बाई जेवायला न जाता त्याच्या टेबलाशी आल्या. "किती ठिकाणी झालं असेल हे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? त्यानं नोंद नाही ठेवली?"

"नोंद ठेवायला त्याला कळायला पाहिजे ना, की आपल्याला कळलं नाही म्हणून."

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. "हे बघा, मी हे पास करणार नाही. प्रमुखांना काय सांगायचं ते मी सांगते. पण पहिल्या पानापासून बघावं लागेल सगळं. जिथे जिथे ते गप्प पुढे गेलंय तिथे तिथे." मग जरा खालच्या आवाजात, "तुम्हाला बरं नाहीये का?"

"आहे."

"तोंड पांढरं पडलंय. भूत बघितल्यासारखं."

त्याने हसण्याचा प्रयत्न केला. जिथे जिथे ते गप्प पुढे गेलंय. पहिल्या पानापासून. तो पडद्याकडे पाहत राहिला आणि त्याला मावशीच्या घरातली, पडदे ओढून घेतलेली ती दुपार आठवू लागली. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. तो जेवत नसे. ताटावर बसून भिंतीकडे पाही. मावशीच्या मुलांनी कुठून तरी प्लँचेट शिकून घेतले होते. मोठ्या कागदावर गोलाकार अक्षरे काढून, मध्ये वाटी पालथी घालून, तिच्यावर सगळ्यांनी एकेक बोट टेकवले होते. त्याचे बोट सर्वांत लहान. दादाचे त्याच्या शेजारी. दादाच्या नखात तेव्हाही काळे ग्रीस असे, कारण शाळा सुटल्यावर तो एका वर्कशॉपात जाऊ लागला होता. त्याने विचारले होते, आई, तू कुठे आहेस? वाटी थरथरली, मग सरकू लागली. कागदावरून तिचा होणारा तो कोरडा, खरखरीत आवाज आज इतक्या वर्षांनीही त्याला अंगावर जाणवत असे. वाटी म्हणाली, ज-व-ळ. मग वाटी म्हणाली, जे-व. त्या रात्री तो पोटभर जेवला होता. पुढे कितीतरी वर्षांनी, त्याच्या लग्नाच्या सुमारास, त्याने एकदा सहज दादाला विचारले, "तेव्हा ती वाटी तूच ढकलत होतास ना?" दादा कुठल्याशा दातेरी चाकाला तेल घालत होता. वर न पाहता म्हणाला, "मग काय वाटी आपली आपण चालत होती?"

"मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"तू कुठे विचारलंस? तू जेवायला लागलास. मला तेवढंच पाहिजे होतं."

दादाने ढकलली ती त्याला भूक लागावी म्हणून. आणि आपण? हा प्रश्न त्याने मनात पूर्ण होऊ दिला नाही, पण प्रश्न पूर्ण होण्यासाठी त्याच्या परवानगीची वाट पाहत नव्हता. 'तुम्हाला त्रास नको' हे दादाचे वाक्यच नव्हते. दादाने जन्मात असे मऊ, पडते वाक्य उच्चारले नसते. ते वाक्य त्याचे स्वतःचे होते. त्याच्या मनात ते कित्येक दिवसांपासून तयार होते. दाराशी उभे होते. दादाच्या 'कपाट'ने फक्त कडी काढली. वाक्यातला त्रास दादाचा नव्हता, दादाला होणाराही नव्हता. आणि तरीसुद्धा, हेच तर अवघड होते, ते वाक्य खोटे आहे असेही त्याला सांगता येत नव्हते. दादाला निवासात जायचे असेलही. तिथे खिडकीबाहेर झाडे होती, व्यायामाची खोली होती, दिवसभर माणसे होती. कदाचित तो मनापासून येईन म्हणाला असेल. कदाचित मरेन पण येणार नाही म्हणाला असेल. किंवा अधीक्षक बाईंच्या चपलेचा पट्टा तुटलाय एवढेच त्याला सुचवायचे असेल. खूण ओळखता आली नव्हती. पुढे जाण्यात आले होते.

त्याने प्रमुखांकडून अर्ध्या दिवसाची रजा मागितली. प्रमुख आधीच बाईंकडून ऐकून तापलेले होते. "आज? हा घोळ घालून?" त्यांनी विचारले. "घरी काम आहे," तो म्हणाला. हे म्हणताना आपला आवाज एवढा सपाट कसा लागला याचे त्याला नवल वाटले. प्रमुखांनाही वाटले असावे, कारण ते पुढे काही बोलले नाहीत. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या, दिव्यांचे खांब, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, सारे काही त्याला नाव न पुकारता आत घेतलेल्या पाहुण्यांसारखे भासत होते. निवासाचा एक नियम होता, आणि तोच आता त्याच्या छातीवर बसला होता. तिथे येणाऱ्या माणसाला प्रवेशापूर्वी दोनदा विचारले जाई, निरनिराळ्या दिवशी, त्याच्याच घरी, त्याच्याच तोंडावर. घरच्यांच्या होकाराला तिथे किंमत नव्हती. "पहिल्यांदा माणूस घरच्यांना ऐकू जावं म्हणून बोलतो," अधीक्षक बाई म्हणाल्या होत्या, "दुसऱ्यांदा जरा खरं बोलतो. आमचा अनुभव आहे." दुसऱ्यांदा विचारायला त्या आज संध्याकाळी येणार होत्या. आजच्या उत्तरानंतर उद्या सकाळी गाडी.

घरी बायको जमिनीवर बसून दादाचे कपडे बॅगेत भरत होती. तिच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. दादाला कुशीवर वळवता वळवता ते मनगट कायमचे दुखरे झाले होते, आणि अलीकडे ती भरलेले पातेलेही डाव्या हाताने उचलत असे. सदऱ्यांच्या घड्या मात्र तिने दृष्ट लागावी अशा घातल्या होत्या. दादाला डुलकी लागलेली होती. ती कुजबुजली, "लवकर आलात? बरं झालं. त्यांचे लोकरीचे मोजे कुठं गेले? तिकडे थंडी असते म्हणाल्या बाई." तिच्या आवाजात कित्येक महिन्यांत नव्हता असा हलकेपणा होता. तो हलकेपणा ऐकून त्याला तिथून परत कार्यालयात पळून जावेसे वाटले.

"ऐक ना," तो म्हणाला. "त्या दिवशी दादा हो म्हणाला असं मी सांगितलं."

"मग?"

"तो कपाट म्हणाला."

"ते नेहमीच कपाट म्हणतात." तिने मोज्यांसाठी पलंगाखाली हात घातला. मग तो हात तिथेच थांबला. तिने वळून पाहिले. "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मला कळलं नव्हतं. मी आपलं सांगितलं."

तिने पलंगाखालून हात बाहेर काढला. दादाच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. मग ती अगदी हळू, घड्या घालत होती तशाच व्यवस्थितपणे बोलू लागली. "हे आज सुचलं तुम्हाला. वर्षभर नाही सुचलं. सगळ्या गावाला भाऊजींची भाषणं ऐकवलीत तेव्हा नाही सुचलं. आज बॅग भरल्यावर सुचलं."

"आजच कळलं मला."

"आणि माझं हे मनगट काय म्हणतं, ते कधी सांगितलंत का कोणाला असं छान वाक्य करून?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडल्याचा आवाज आला आणि उगाचच बराच वेळ येत राहिला. तिची बाजू खरी होती. ती इतकी खरी होती की तिच्यापुढे दुसरी कुठली बाजू उभी करणे म्हणजे शुद्ध निर्दयता होती. तोंड मिटून बसले, किंवा न बसता पुन्हा ते एकच वाक्य उच्चारले, की सगळे सुरळीत होणार होते. दादाला झाडे दिसणार होती, तिच्या हाताला विश्रांती मिळणार होती, आणि त्याला झोप. एका वाक्याची काय ती किंमत. आणि ते वाक्य कदाचित खरेही असेल. तो पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिला. दुपार उतरत गेली, भिंतीवरचा उजेड पिवळट होऊन दादाच्या पायांवर आला, दादा जागा झाला, त्याने त्याच्याकडे पाहिले आणि म्हटले, "कपाट." धाकट्या भावाच्या जिभेवर लगेच 'पाणी हवंय' आले. त्याने ते गिळले. त्याने नुसतेच, वेड्यासारखे, दादाकडे पाहिले. दादाच्या कपाळावर एक आठी उमटली. असे गप्प राहणे त्यालाही नवे होते.

अधीक्षक बाई वेळेवर आल्या. चहा नको म्हणाल्या, मग बायकोने करून आणलेला घेतला. त्या धिप्पाड होत्या, पण खुर्चीवर अगदी टोकाला बसत. जणू कोणत्याही घरी आपण थोडाच वेळ आहोत हे त्यांना शरीरानेच सांगायचे असे. बॅगेकडे त्यांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. मग गुडघ्यांवर हात ठेवून त्या दादाकडे झुकल्या. "आज दुसऱ्यांदा विचारायला आलेय हं. आमच्याकडे राहायला यायचंय का तुम्हाला?"

दादाने डाव्या हाताने पांघरूण जरा वर ओढले. "कपाट," तो म्हणाला. "कपाट कपाट. कपाट."

आणि दोघी वळल्या. त्याला आपल्या चेहऱ्यावर त्यांच्या नजरांचे ओझे स्पष्ट जाणवले. वाक्य तयारच होते. ते आता दाराशी नव्हते, दातांशी होते. बायकोचा पट्ट्यातला हात मांडीवर उताणा पडलेला होता, बोटे किंचित मिटलेली. तो हात पाहूनच त्याने म्हटले, आणि म्हणताना आपण तो हात पाहत आहोत याची त्याला लाज वाटली. "मला नाही कळलं."

"काय?" बाईंनी विचारले.

"तो काय म्हणाला ते मला कळत नाही. त्या दिवशीही कळलं नव्हतं."

बाईंनी पेनचे टोपण लावले. त्या रागावल्या नाहीत. "मग उद्याची गाडी मला थांबवायला लागेल," त्या म्हणाल्या. "त्यांचं त्यांनी सांगितल्याशिवाय मी नाही नेऊ शकत. एखाद्या वाचातज्ज्ञाला विचारता येईल. चित्रं दाखवून, बोटानं दाखवून घेतात ते. वेळ लागतो पण त्याला."

"किती?" बायकोने विचारले. तिचा आवाज कोरडा होता.

"महिनेही लागतात."

बायकोने डोळे मिटले. ती उठून जाईल असे त्याला वाटले, पण ती गेली नाही. तिने फक्त मनगट दुसऱ्या हातात घेतले.

त्याच वेळी दादा बोलू लागला. आधी एकदा, भावाकडे रोखून पाहत : "कपाट." तो थांबला, नेहमीप्रमाणे. नेहमी इथपर्यंत आले की धाकटा भाऊ पुढचे वाक्य उचलत असे आणि दादाला गप्प व्हावे लागत असे. यावेळी कोणी काही उचलले नाही. दादाच्या चेहऱ्याच्या चांगल्या बाजूवर काहीतरी हलले. त्याने पुन्हा म्हटले, आणि पुढे म्हणत गेला. कपाट, कपाट कपाट. मध्येच प्रश्न, मध्येच एक तुटक, चिडका सूर. मग बायकोकडे वळून हलक्या स्वरात, लांबवत, जणू तिचीच काही आठवण तिला सांगावी तसे. मग बाईंकडे हात करून काहीतरी रोखठोक. मग स्वतःच्या पायांकडे पाहून थोडके, खालच्या पट्टीत. त्यात विराम होते, मुद्दे होते, एक विनोददेखील असावा, कारण सांगून झाल्यावर तो स्वतःच हसला. इतके दिवस एवढे सगळे त्याच्या आत उभे होते, आणि त्याला तीन-चार शब्दांच्या वर कोणी जाऊच दिले नव्हते. उजेड भिंतीवरून निघून गेला. कोणी दिवा लावला नाही. अधीक्षक बाई आता खुर्चीवर पाठ टेकून बसल्या होत्या. शेवटी दादा दमला. डाव्या हाताच्या पाठीने त्याने आपले ओठ पुसले आणि एकामागून एक तिघांकडे पाहिले.

बायको पलंगाच्या काठावर येऊन बसली. तिने दादाचा चेहरा नीट न्याहाळला. मग नवऱ्याकडे न पाहता तिने विचारले, "काय म्हणाले?"

"माहीत नाही."

"काहीच नाही कळलं?"

"नाही. पुन्हा सांग, दादा," तो म्हणाला. "आम्हाला नाही कळलं."

दादाने डोळे वटारले. त्याने मान उशीवर टेकली, कुरकुरत एक दीर्घ श्वास घेतला, आणि मग अगदी सावकाश, मंदबुद्धी पोरांना समजावून द्यावे तसा, पहिल्यापासून सांगायला लागला.